प्रयोगशाळा, तालीम आणि वर्ग : सतीश आळेकरांची वाटचाल

नमस्कार. नाटक बसवणारा माणूस विद्यापीठात शिकवायला गेला की तो रंगभूमीला दुरावतो, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. नाटककार आणि दिग्दर्शक सतीश आळेकर यांची वाटचाल पाहिल्यावर मला ते पटत नाही.

आळेकर मूळचे जीवरसायनशास्त्राचे. १९७२ साली पुणे विद्यापीठातून त्यांनी एम.एस्सी. केले, पुढे १९९६ पर्यंत पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी केली, आणि नाटक केले ते ही नोकरी सांभाळून. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावरून पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या नाट्यसंस्थेत मतभेद झाले, तेव्हा बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी केली, आळेकर त्यांतले एक.

पुढच्याच वर्षी त्यांनी लिहिलेले आणि बसवलेले ‘महानिर्वाण’ रंगमंचावर आले. इथे थोडे थांबू या. चाळीतले भाऊराव वारले आहेत आणि स्वतःच्या मरणाचे कीर्तन ते स्वतःच करत आहेत. जुनी स्मशानभूमी बंद होत असली, तरी आपले दहन तिथेच व्हावे, हा त्यांचा हट्ट. ही भूमिका चंद्रकांत काळे यांनी केली, संगीत आनंद मोडक यांचे. आता दिग्दर्शकाची अडचण लक्षात घ्या. कीर्तन म्हणजे पूर्वरंग, आख्यान, अभंग, ताल आणि श्रोत्यांशी थेट बोलणे. नटाला यातले काहीच येत नसेल, तर हे नाटक उभेच राहणार नाही. १९७९ च्या ‘बेगम बर्वे’तही तेच, फक्त कीर्तनाच्या जागी नाट्यसंगीत आले. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकणारा बर्वे ज्या स्वप्नात जगतो, ते स्वप्नच त्या पदांचे आहे.

म्हणूनच १९९६ मध्ये आळेकर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. नृत्य, संगीत आणि नाट्य या तिन्ही कला तिथे एकाच आवारात शिकवल्या जातात. नाटकाच्या विद्यार्थ्याच्या कानावर शेजारच्या वर्गातला रियाज पडतो, पलीकडे घुंगरांचा आवाज असतो. गाणारा, ताल जाणणारा, अंग मोकळे असलेला जो नट आळेकरांच्या नाटकांना लागतो, तो घडण्यासाठी याहून चांगली जागा कोणती असणार? शिकवणेही त्यांना नवे नव्हते, कारण थिएटर अकॅडमीने तरुण नाटककारांसाठी आखलेल्या उपक्रमात ते आधीपासून राबत होते.

जानेवारी २००९ पर्यंत, म्हणजे साडेबारा वर्षे, ते केंद्रप्रमुख होते. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्राच्या आवारातल्या अंगणमंचावर विद्यार्थ्यांचे प्रयोग होत असतात. पुण्यात असाल तर एखादा आवर्जून पाहा, आणि नट गाऊ लागला की त्याच्या श्वासाकडे लक्ष द्या.