सालीतला लाल

नमस्कार, श्रोतेहो! नाशिकचं द्राक्ष म्हटलं की डोळ्यांसमोर थॉमसनचा हिरवा घड येतो. मीही तेच खात वाढलो. म्हणून मार्चमध्ये दिंडोरी तालुक्यातल्या एका कुटुंबाच्या छोट्या वाइनरीत तिथल्या काकांनी शिराझ या वाइनच्या द्राक्षाचे मणी हातावर ठेवले, तेव्हा मला ती करवंदंच वाटली. काळे, बारीक, बियांचे मणी. काका म्हणाले, "साल सोलून आतलं बघा." आत गर पांढरट, जवळजवळ बिनरंगी. लाल वाइनचा सगळा लाल त्या सालीत!

म्हणून लाल वाइनसाठी रस आधी गाळून घेत नाहीत, सालीसकट आंबवतात. आंबताना वायू सुटतो आणि साली वर येऊन त्यांचा जाड थर बसतो. काकांचा मुलगा दांड्याने तो थर खाली दाबत होता. दिवसातून दोन-तीनदा हे करावंच लागतं, नाहीतर रंग नीट उतरत नाही. मी टाकीला हात लावला, तर ती चक्क कोमट. यीस्ट साखरेचा मद्यार्क करतं, त्याची ती ऊब.

पण खरी मेहनत बागेतली. थंड देशांत वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलच्या सुमाराला नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पाऊस सरताना घडांसाठी गोडी छाटणी. अशाने घड पावसात न सापडता कोरड्या दिवसांत, गार रात्रींत पिकतो. तोडणीआधी गोडी मोजायचं यंत्र असतंच, तरी काकू बी दाताखाली धरतात. ती तपकिरी झालेली आणि कुरकुरीत लागली, तरच घड उतरवायचे.

राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 साली आलं. त्यानंतर अशा वाइनरी या भागात वाढल्या. मोठ्या ठिकाणीही जा, पण छाटणारा हातच पेला भरून देतो, ते अशा घरी.

आम्ही दोन पेले घेतले. टाकीतली नवी वाइन जिभेला आवळ्यासारखी तुरट. वर्षभर ओकच्या पिंपात राहिलेली मात्र मऊ झालेली, जांभळाच्या वासाची, मागून काळी मिरी. मार्चच्या उन्हात ती खोलीतल्या तापमानाला पिऊ नका, वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. आणि गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा. आमच्यात तो मान माझ्या भावाचा होता. काकूंनी त्याच्यासमोर शिराझचा अख्खा घड आणून ठेवला.