घाटात बंद, सावलीत चालू

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. आंबा घाटाच्या चढावर एक जुनी डिझेल पिकअप उभी. बॉनेट उघडं, मागच्या चाकांना दगड लावलेले.)

साखरपा मागे पडतं आणि घाटाची चढण सुरू होते. रत्नागिरीकडून कोल्हापूरच्या बाजारपेठेत निघालेली ही पिकअप हौद्यात हापूसच्या पेट्या घेऊन दुसऱ्या गिअरवर अर्धा घाट नेटानं चढते, आणि एका वळणावर इंजिन बंद होतं. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण धरत नाही. ड्रायव्हर चाकांना दगड लावून सावलीला बसतो. बराच वेळ जातो. मग चावी फिरवली की पहिल्या सेल्फला गाडी चालू!

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली, तर तिथेही तक्रार नाही. इंजिन थंड झालं की पुरावाच उरत नाही. मग अंदाजानं काम सुरू होतं. फिल्टर बदला, रेडिएटर धुवा, डिझेल पंप खोला. खिसा रिकामा होतो आणि पुढच्या खेपेला गाडी त्याच घाटात उभी राहते. हौद्यात पिकायला आलेला आंबा असताना रस्त्यावर गेलेली दुपार म्हणजे थेट नुकसान. म्हणून हा बिघाड शोधायचा तर गाडी गरम असताना, बंद पडलेल्या त्या काही मिनिटांतच शोधायला हवा.

(दृश्य: डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा, मध्यावर.)

आधी हा काटा पाहा. तो लाल पट्ट्यात गेला असेल तर प्रश्न पाण्याचा, थर्मोस्टॅटचा किंवा फॅनचा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. इथे काटा मध्यावर आहे. इंजिन जास्त तापलेलं नाही. तापलेला आहे त्याच्या शेजारचा कुठला तरी एक भाग.

अशा वेळी ‘व्हेपर लॉक झालं’, म्हणजे इंधनाची पाइपातच वाफ होऊन वाट अडली, असं हमखास ऐकू येतं. पेट्रोलच्या जुन्या कार्बोरेटर गाड्यांना ते लागू आहे. पेट्रोल चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. डिझेलला त्यासाठी दीडशेच्या वर तापमान लागतं. डिझेल गाडीत कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

(दृश्य: मिस्त्री ड्रायव्हरशी बोलताना.)

जाणता मिस्त्री पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट विचारतो. “दादा, गाडी कशी बंद पडली? झटक्यात, का आचके देत?”

या उत्तरावर पुढचा सगळा तपास ठरतो. आचके देत, ओढ कमी होत बंद पडली असेल तर डिझेल कमी पोचतंय. फिल्टर चोंदला असेल, किंवा टाकीपासून येणाऱ्या होसला (रबरी पाइपला) बारीक चीर असेल. या होसमधून डिझेल ओढलं जातं, त्यामुळे चिरेतून थेंब बाहेर पडत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून होस कोरडा दिसतो आणि माणूस फसतो. तात्पुरता पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

टाकीचं झाकणही विसरू नये. त्याचं हवेचं भोक धुळीनं बुजलं, तर डिझेल संपेल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि अर्ध्या-पाऊण तासानं इंजिन उपाशी पडतं. दोष उष्णतेच्या माथी जातो, पण तिचा इथे संबंधच नाही. झाकण उघडताच सुस्स आवाज आला आणि गाडी चालू झाली, की चोर सापडला.

इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणारा पंप झिजला असेल तर लक्षण आणखी वेगळं. तापलेलं डिझेल पातळ होतं. चाळीस अंशांवर जो दाटपणा असतो, तो शंभर अंशांवर निम्म्याहूनही कमी उरतो. झिजलेल्या पंपात ते आतल्या आत निसटतं आणि सेल्फच्या कमी वेगावर पुरेसा दाब तयार होत नाही. अशी गाडी चालताना बरी असते. चहाला थांबवली की पुन्हा चालू होत नाही. थांबल्यावर पाणी आणि फॅन दोन्ही थांबतात, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच जाते. पंपावर ओलं फडकं ठेवून पाहावं. बादलीभर गार पाणी मात्र कधीच ओतू नये, पंप जाम होऊ शकतो.

कॉमन रेल, म्हणजे सेन्सर आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल गाडीत, इंजिन फिरतंय हे कळवणाऱ्या क्रँक सेन्सरवर नजर ठेवावी. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलला नाही, तर संशय तिथेच.

आपल्या ड्रायव्हरचं उत्तर होतं, “झटक्यात. चावी काढल्यासारखी.”

(दृश्य: रोटरी डिझेल पंपाच्या मागच्या बाजूचा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा बंद-चालू व्हॉल्व्ह, जवळून.)

डिझेल इंजिनात ठिणगी नाही. झटक्यात बंद पडायचं तर कुणीतरी डिझेल एकदम तोडायला हवं, आणि तेच काम या सोलेनॉइडचं. चावी लावली की बारा व्होल्टचा करंट येतो, कॉइल आतली पिन ओढून धरते आणि डिझेलची वाट उघडी राहते. करंट गेला की स्प्रिंग वाट बंद करते. कॉइलची तार आतून तुटत आली असेल तर तापून प्रसरण पावल्यावर जोड सुटतो, आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतो.

पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. वायर, फ्यूज किंवा चावीचा स्विच गेला तरी लक्षण हेच. इथे मिस्त्रीनं केलेलं काम मला फार आवडलं. त्यानं सोलेनॉइडच्या टोकाला वायर जोडून एक छोटा बल्ब केबिनमध्ये बांधला आणि गाडी भरलेलीच पुन्हा घाटात घातली.

(दृश्य: केबिनमध्ये पेटलेला बल्ब. इंजिनाचा आवाज अचानक थांबतो. बल्ब तसाच पेटलेला.)

इंजिन बंद, बल्ब चालू. म्हणजे करंट सोलेनॉइडपर्यंत येतोय. चावी बंद-चालू केली, पिन ओढली जाताना होणारा ‘टक’ आवाज ऐकू आला नाही. वायर काढून मल्टिमीटर लावला, कॉइल तुटलेली. ओलं फडकं ठेवलं, थोड्या वेळानं मीटरवर ओहमचा आकडा आला आणि ‘टक’ परतला.

रस्त्यावर यावर एक जुगाड सर्रास चालतो. पिन काढून टाकायची, सोलेनॉइड नुसता बसवायचा. गाडी धावते, पण मग चावीनं इंजिन बंद होत नाही. घाटात वायरिंगनं पेट घेतला किंवा इंजिन सुसाट सुटलं, तर ड्रायव्हरच्या हातात काय उरतं? गावी पोचण्यापुरताही हा उपाय मला मान्य नाही.

(दृश्य: नवा सोलेनॉइड बसवताना.)

नवा सोलेनॉइड, नवी ओ-रिंग (रबरी सील), मग डिझेलच्या वाटेतली एअर काढणं. पंप खोलावा लागला नाही, रेडिएटरला हात लागला नाही. बल्ब मात्र मिस्त्रीनं काढला नाही. पुढच्या दोन-तीन भरलेल्या खेपा तो केबिनमध्येच राहू दे, असं त्यानं ड्रायव्हरला सांगितलं.