मासा काय करतो?

श्रोतेहो, नमस्कार.

रोमन लिपीतलं 'जे' हे अक्षर घ्या, त्यापुढे 'ए' जोडा, आणि असं चार-पाच वेळा सलग लिहा. मराठी डोळ्यांना ते काय दिसेल? 'जा जा जा जा'. कुणी तरी दारातून हाकलून देतंय, असंच वाटतं. मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरातल्या एका बाईंनी माझ्या एका स्पॅनिश वाक्यावर मला हेच लिहून पाठवलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. मी त्यांना इंग्रजी शिकवायचं आणि त्यांनी मला स्पॅनिश, असा आमचा मोबाइलवरचा करार होता. रात्री वही उघडली तेव्हा उलगडा झाला. स्पॅनिशमध्ये 'जे'चा उच्चार आपल्या 'ह'च्या जवळचा, थोडा घशातून येणारा. म्हणजे बाई 'हाहाहाहा' करत होत्या.

त्या दिवसापासून मी स्पॅनिश विनोदांच्या मागे लागले. सकाळी चहा घेताना इंटरनेटवर एखादा विनोद वाचायचा, एखादं चित्र बघायचं, आणि कळेपर्यंत सोडायचं नाही. क्लासमध्ये मला क्रियापदांचे तक्ते मिळाले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण ते तक्ते अंगवळणी पडले ते या विनोदांमुळे.

एक अगदी छोटा विनोद सांगते. स्पॅनिश मुलं हा लहानपणीच शिकतात. 'के आसे उन पेस?' म्हणजे मासा काय करतो? उत्तर एका शब्दाचं: 'नादा.' झालं, संपला विनोद. आता यात गंमत कुठे आहे? 'नादा' म्हणजे 'काहीच नाही', हे पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला कळतं. पण 'नादार' म्हणजे पोहणं, आणि त्याचं 'तो पोहतो' हे रूपही 'नादा'च होतं. मासा काय करतो? काहीच नाही. मासा काय करतो? पोहतो. दोन्ही उत्तरं एकाच शब्दात बसली आहेत.

मी हा विनोद वाचून थबकले, कारण मला त्यात आपली मराठी दिसली. इंग्रजीत 'पोहतो' एवढंच म्हणून वाक्य पुरं होत नाही, आधी 'तो' लागतो. स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या शेवटावरूनच कर्ता कळतो, आणि मराठीतही तसंच आहे. 'काय करतोय?' 'पोहतोय.' कर्त्याचं नाव घ्यावंच लागत नाही. कर्ता गाळता येतो म्हणूनच ही कोटी जमते. मी तोवर प्रत्येक स्पॅनिश वाक्य आधी इंग्रजीत नेऊन मग समजून घेत होते. माशाने मला तो वळसा सोडायला लावला. त्यानंतर मी सरळ मराठीतून स्पॅनिशकडे जायला लागले, आणि वाट खरंच जवळची निघाली. उच्चारांचंही तेच. स्पॅनिश 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजी वळणाचा 'ट' आणि 'ड' तिथे चालत नाही.

याच घरातली दुसरी कोटी: 'इ एल बिनो?' 'नो बिनो.' बिनो म्हणजे वाइन, आणि बिनो म्हणजे आला किंवा आली. वाइन कुठाय? आली नाही. 'येणे' या क्रियापदाचा भूतकाळ स्पॅनिशमध्ये वाकडातिकडा चालतो. मी तो चार वेळा पाठ केला, चारही वेळा विसरले. या दोन ओळी वाचल्यापासून मात्र एकदाही चुकले नाही.

आघाताचंही असंच. 'पापा' या शब्दात शेवटच्या अक्षरावर जोर दिला, लिहिताना त्यावर आघाताची खूण काढली, की अर्थ होतो बाबा. जोर पहिल्या अक्षरावर दिला, तर लॅटिन अमेरिकेत त्याचा अर्थ होतो बटाटा. कुणी खूण न काढता 'माझं बाबांवर प्रेम आहे' असं लिहिलं, की ते प्रेम बटाट्यावर जाऊन पोचतं, आणि स्पॅनिश बोलणारे त्यावर मनापासून हसतात. आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, तसेच मेज, पगार, पाद्री हेही. मेज तिकडे 'मेसा', पगार म्हणजे पैसे चुकते करणं. पण स्पॅनिश दुकानात 'बटाटा' मागितलात, तर बऱ्याच ठिकाणी हातात रताळं येईल.

हे झालं शब्दांचं. मला जास्त ओढ लावली ती माणसांच्या विनोदांनी.

मेक्सिकोत आईवरचे विनोद भरपूर. आईच्या हातात चप्पल असते, तिला ते 'चांक्ला' म्हणतात, आणि ती चप्पल भिंती चुकवून, कोपरे वळून मुलापर्यंत बरोबर पोचते. दुसऱ्या एका विनोदात मुलगा म्हणतो, 'आई, सापडत नाहीये.' आई म्हणते, 'इ सि बोय इ लो एनक्वेंत्रो, के ते आगो?' आणि मी येऊन शोधलं, मला सापडलं, तर तुझं काय करू?

हे वाक्य वाचलं आणि माझे डोळे भरून आले. माझी आई आमच्या चिपळूणच्या घरात अगदी हेच म्हणायची. 'मी उठून आले आणि सापडलं, तर बघ हं!' हात पिठात, आवाज स्वयंपाकघरातून, आणि आम्ही कपाटासमोर उभे. ती यायची, आणि वस्तू समोरच असायची. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचं वाक्य मला इतक्या दूरच्या भाषेत, तिच्याच ठसक्यात ऐकू आलं.

मी हे प्वेब्लाच्या बाईंना कळवलं. त्यांनी उत्तरादाखल त्यांच्या फ्रिजचा फोटो पाठवला. आइस्क्रीमचा डबा, आणि आत शिजवलेला राजमा. मी आमच्या श्रीखंडाच्या डब्याचा फोटो पाठवला, आत निवडलेल्या मिरच्या. बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात सुईदोरा त्यांच्याकडेही निघाला. त्या दिवशी आम्ही दोघींनी एकही नियम शिकवला नाही, आणि माझ्या वहीत तेवीस नवे शब्द आले.

अर्थात सगळीकडे एकच विनोद चालत नाही. क्युबात 'ग्वाग्वा' म्हणजे बस, आणि चिलीत 'ग्वाग्वा' म्हणजे तान्हं बाळ. थांब्यावर उभा राहून 'मी ग्वाग्वाची वाट बघतोय' असं म्हणणारा क्यूबन माणूस चिलीच्या माणसाला बाळाची वाट बघणारा बाप वाटतो. वीस देशांत जी भाषा अधिकृत आहे, तिच्यात असं होणारच. आपला बंड्याही तिथे आहे. स्पेनमध्ये त्याचं नाव हाइमितो, मेक्सिकोत पेपितो. शाळेत गुरुजींना भलती उत्तरं देणं हे त्याचं काम दोन्हीकडे चालू आहे.

आणि 28 डिसेंबर लक्षात ठेवा. आपलं एप्रिल फूल, तसा त्यांचा हा दिवस. स्पेनमध्ये लोक एकमेकांच्या पाठीला कागदी बाहुल्या चिकटवतात, खोट्या बातम्या पसरतात. एका वर्षी बाईंनी मला कळवलं की स्पॅनिश वर्णमालेतून 'एन्ये' हे अक्षर काढून टाकणार आहेत. मला ते खरं वाटलं, कारण 2010मध्ये स्पॅनिश अकादमींनी 'चे' आणि 'एय्ये' या दोन जोडाक्षरांना वर्णमालेतून खरोखरच वगळलं, आणि सत्तावीस अक्षरं उरली. मी तळमळून पानभर निषेध लिहिला. तिकडून एकच शब्द आला: 'इनोसेंते!' भोळी गं बाई! पण त्या निषेधात एकही चूक नव्हती, हेही त्यांनी लगेच लिहिलं.

गेल्या रविवारची गोष्ट सांगते. माझा मुलगा आतल्या खोलीत एक मोजा शोधत होता. मी पोळ्या लाटत होते. मी विचारलं, 'सापडला का रे?' आतून उत्तर आलं, 'नादा!' तो स्पॅनिश शिकत नाही, माझ्याकडून ऐकून ऐकून उचललंय. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाले, 'इ सि बोय इ लो एनक्वेंत्रो, के ते आगो?' तो हसत बाहेर आला. मी जाऊन पाहिलं, मोजा उशीवर होता.

पिठाच्या हातानेच मी हे बाईंना बोलून पाठवलं. प्वेब्लात तेव्हा रात्र होती. तरी दोन मिनिटांत उत्तर आलं. स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं 'जा जा जा जा जा जा'.

नमस्कार.