गायडिंगचा ग्राफ सरळ येतो, मग तारे लांबट का?

नमस्कार मंडळी. आज खरं तर मी ओमेगा सेंटॉरीवर बोलणार होते. सोलापुरातून हा तारकागुच्छ दक्षिणेला चांगला पंचवीस अंश वर येतो, उत्तर भारतातल्या मंडळींना एवढा वर मिळत नाही. पण तो विषय पुढच्या वेळी. कारण गेल्या दोन व्हिडिओंखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून माझी बोटं दुखायला लागली. प्रश्न असा: "ताई, गायडिंगचा ग्राफ एकदम सरळ आहे, आरएमएस (म्हणजे सरासरी चूक) ०.७ येतोय, तरी तीन मिनिटांच्या फोटोत तारे लांबट येतात. पीएचडी सॉफ्टवेअरमध्ये कोणतं सेटिंग बदलू?"

कोणतंही बदलू नका. सेटिंगला हात लावायच्या आधी हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा.

नव्या मंडळींसाठी मूळ गोष्टी भराभर सांगते. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला साधारण १५ विकला सरकतं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारा आधार, त्याच वेगाने आकाशाबरोबर फिरतो. पण त्याच्या वर्म गिअरमध्ये थोडा दोष असतोच आणि तो ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा येतो. ईक्यू-६ जातीच्या माउंटवर ही फेरी साधारण आठ मिनिटांची असते. म्हणून मुख्य दुर्बिणीवर एक छोटी दुर्बीण बसवायची, ती गायडस्कोप. तिच्या मागे छोटा कॅमेरा. पीएचडी टू हे मोफत सॉफ्टवेअर त्या कॅमेऱ्यातून दर दोन-तीन सेकंदांनी ताऱ्याकडे बघतं आणि तारा सरकला की माउंटला सांगतं, जरा मागे ये. एवढंच आहे ऑटोगायडिंग. बॅलन्स करा, पोलर अलाइनमेंट करा (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखा), दोन्ही कॅमेरे फोकस करा, कॅलिब्रेशन करा (माउंटला सांगितलं की तारा कुठे, किती सरकतो ते सॉफ्टवेअरला शिकवा), सुरू करा.

कॅलिब्रेशनबद्दल एकच वाक्य. ते खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मध्यमंडलाजवळच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळच्या) ताऱ्यावर करा. थंडीत याच्यासाठी सोपी खूण आहे. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे जवळजवळ विषुववृत्तावरच आहेत. मृग डोक्याजवळ आला की दुर्बीण तिकडे वळवा आणि कॅलिब्रेट करा. ध्रुवाजवळच्या ताऱ्यावर केलेलं कॅलिब्रेशन भरवशाचं नसतं.

पोलर अलाइनमेंटवर मात्र जरा थांबते, कारण आपल्या गावाची अडचण वेगळी आहे. सोलापूरचा अक्षांश १७.७. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंश वर. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश भरते, म्हणजे ध्रुवतारा दोन मुठींपेक्षाही खाली. जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवरून तो शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागे जातो. उन्हाळ्यात धुळीत दिसतच नाही. परदेशातल्या व्हिडिओंत ५० अंशांवरची मंडळी निवांत पोलर स्कोपमधून बघतात, ते बघून आपण वैतागतो. ध्रुवतारा दिसत नसेल तर नीना या सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची पद्धत वापरा. आकाशातल्या कुठल्याही तीन जागांचे फोटो घेऊन ती अक्ष किती चुकलाय ते सांगते. आणि एक लक्षात ठेवा. १७ अंशांवर माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा पडतो, मग वजनाचा दांडा फिरताना ट्रायपॉडच्या पायाला लागू शकतो. अंधारात कळत नाही, मोटर कण्हायला लागते तेव्हा कळतं. ट्रायपॉड आणि माउंटच्या मध्ये छोटा खांब टाकला की हा त्रास जातो.

आता मुद्द्यावर.

गायडिंगचा ग्राफ काय सांगतो? गायडस्कोपच्या कॅमेऱ्यात तारा जागेवर आहे की नाही, एवढंच. मुख्य कॅमेऱ्यात काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. गायडस्कोप आणि मुख्य दुर्बीण एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतील, तरच एकीचं दुसरीला लागू पडतं. त्यातली एक जरी दुसरीच्या मानाने हळूहळू कलायला लागली, तर सॉफ्टवेअर गायडस्कोपचा तारा इमानाने जागेवर ठेवतं आणि त्यासाठी मुख्य दुर्बिणीला सरकवतं. ग्राफ सरळ. फोटो बिघडलेला. याला फ्लेक्शर म्हणतात.

"पण ताई, माझा गायडस्कोप हलत नाही, मी हलवून बघितला." हे वाक्य मला किमान वीस जणांनी लिहिलंय. मंडळी, हाताला जाणवेल इतकं हलायची गरजच नाही. हिशोब बघा.

(कागद कॅमेऱ्यासमोर धरून)

माझ्या दुर्बिणीची फोकल लेंथ ४०० मिमी, कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉन. २०६.२६५ ला पिक्सेलने गुणा, फोकल लेंथने भागा. उत्तर १.९४. म्हणजे एक पिक्सेल साधारण दोन विकला. आता गायडस्कोपच्या दोन रिंगांमध्ये अंतर समजा १० सेंटिमीटर. तो दोन विकला कलायला त्याचं एक टोक किती सरकावं लागेल? एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. केसाच्या सत्तराव्या भागाएवढं टोक खाली बसलं की तुमचा तारा एक पिक्सेल सरकला. हे हात लावून कुणाला कळणार?

दुसऱ्या बाजूने सांगते, हा प्रयोग आज रात्रीच करा. गायडिंग चालू असताना गायडस्कोपच्या मागच्या टोकावर एक बोट अलगद टेकवा आणि तसंच ठेवा. ग्राफ उडेल. बोट काढू नका. दहा-पंधरा सेकंदांत ग्राफ परत शून्यावर येऊन सरळ चालायला लागेल, जणू काही झालंच नाही. आता मुख्य कॅमेऱ्याचा फोटो घ्या आणि आधीच्या फोटोशी ताडून बघा. सगळं चित्र सरकलेलं दिसेल. बोटाच्या जागी रात्रभर लोंबणारी वायर आहे असं समजा. ती बोटासारखी एकदम दाबत नाही, तासभर हळूहळू ओढते, म्हणून ग्राफ उडतसुद्धा नाही.

वायरीचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. गेल्या जानेवारीत मामांच्या शेतावर गेले होते, मंगळवेढ्याकडे. हुरड्याचे दिवस, आकाश स्वच्छ, काळी जमीन. काळ्या रानात ट्रायपॉड लावणाऱ्यांना सांगते, पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे टाका, नाहीतर माती दबत जाते आणि पोलर अलाइनमेंट रात्रीतून बिघडते. मी तुकडे टाकले होते. रोझेट तेजोमेघ लावला होता, एकशृंगातला. ग्राफ असा सुरेख, ०.७ विकला. आणि तीन-तीन मिनिटांच्या प्रत्येक फोटोत तारे शेंगदाण्यासारखे, सगळे एकाच दिशेला लांबट.

मी रात्री दोनपर्यंत पीएचडीची सेटिंगं बदलत बसले. अॅग्रेसिव्हनेस, म्हणजे दुरुस्तीचा जोर, कमी केला, वाढवला. एक्सपोजर दोन सेकंद, मग चार. दुसरा गायडतारा निवडला. चार तास गेले, आणि त्या महिन्यातली तशी रात्र ती एकच होती. मामा पाणी द्यायला उठले होते, त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. चहा घेऊन आले, माझा लाल टॉर्च घेतला आणि म्हणाले, "पोरी, ही वायर कशाला ताणलीस गं? आता तुटंल की."

गायडकॅमेऱ्याची यूएसबी वायर थेट जमिनीवर ठेवलेल्या लॅपटॉपपर्यंत लोंबत होती. मुख्य कॅमेऱ्याच्या वायरी मी व्यवस्थित बांधल्या होत्या. ही एक छोटी म्हणून सोडली होती. दुर्बीण पश्चिमेकडे कलत गेली तशी ती ताणली गेली आणि गायडस्कोपचं मागचं टोक खाली ओढत राहिली. मामांना विकला, मायक्रॉन काही माहीत नाही. त्यांनी ताणलेली वायर बघितली. मी चार तास स्क्रीन बघत होते.

म्हणून तिसऱ्या बाजूने तेच सांगते: ग्राफचा स्क्रीनशॉट मला पाठवू नका. खरंच नका पाठवू. गेल्या महिन्यात इतके स्क्रीनशॉट आले आणि त्यातून मला काहीच सांगता येत नाही, कारण दुखणं तिथे नाहीच. त्याऐवजी ही तपासणी करा. गायडिंग चालू ठेवा, डिदरिंग (दोन फोटोंच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम किंचित सरकवणं) बंद करा. तारा क्षितिजापासून तीस अंशांच्या वर असू द्या. एक-एक मिनिटाचे फोटो तासभर घ्या, मध्ये मेरिडियन फ्लिप (तारा मध्यमंडल ओलांडतो तेव्हा दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवणं) येऊ देऊ नका. मग पहिला आणि शेवटचा फोटो उघडा, मधोमध असलेला एकच तारा दोन्हींत शोधा आणि तो किती पिक्सेल सरकला ते लिहून ठेवा. माझा ३० पिक्सेल सरकला होता. तासाला तीस, म्हणजे तीन मिनिटांत दीड पिक्सेल. तारा लांबट दिसायला तेवढं पुरतं.

इथे एक खबरदारी. चारही कोपऱ्यांतले तारे बघा. सगळीकडे एकाच दिशेला, सारखेच लांबट असतील तर संशय फ्लेक्शरवर. गायडताऱ्याभोवती गोल फिरल्यासारखे, आणि त्याच्यापासून लांबच्या कोपऱ्यात जास्त लांबट असतील, तर ते फील्ड रोटेशन. तिथे पोलर अलाइनमेंट पुन्हा करा, वायरी सोडवत बसू नका. ही दोन दुखणी लोक कायम एकमेकांत मिसळतात.

उपाय काय? पहिल्यांदा वायरी. गायडकॅमेऱ्याची वायर आधी गायडस्कोपला, मग मुख्य नळीला, मग माउंटला बांधा, मधे सैल वळण ठेवून. बांधून झालं की दुर्बीण हाताने पूर्व-पश्चिम फिरवून बघा, कुठे ताण येतो का. मग रिंगा. तीन-तीन स्क्रूच्या, टोकाला नायलॉन असलेल्या रिंगा फाइंडरसाठी ठीक आहेत, गायडिंगसाठी मला त्या अजिबात पसंत नाहीत. पूर्ण गोल पकडणारा क्लॅम्प घ्या. फाइंडरचा प्लॅस्टिकचा बूट असेल तर तो काढा आणि गायडस्कोप सरळ मुख्य रिंगांवर धातूच्या पट्टीने बसवा.

आणि फोकसर! हा सगळे विसरतात. कलणारी गोष्ट गायडस्कोपच असेल असं नाही. मुख्य कॅमेरा जड, त्याला फिल्टरचा डबा, शिवाय एक्स्टेन्शन, आणि ते सगळं एका सैल फोकसरच्या नळीवर लोंबतंय. फोकस झाला की लॉकचा स्क्रू आवळा, आवळल्यावर फोकस पुन्हा तपासा. न्यूटोनियनवाल्यांचा, म्हणजे आरशाची दुर्बीण असलेल्यांचा, मुख्य आरसाही जागेवरून किंचित सरकतो, तुमचं काम जास्त अवघड आहे. तुमच्यासाठी शेवटचा उपाय ऑफ-अॅक्सिस गायडर. त्यात एक छोटा प्रिझम मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातला कडेचा थोडा भाग गायडकॅमेऱ्याला देतो. दुसरी दुर्बीणच नाही, तर तिच्या कलण्याचा प्रश्नच येत नाही. गायडतारा शोधायला मात्र त्रास होतो, कारण दिसणारा तुकडा लहान असतो.

एका मित्राने विचारलं होतं, "शहरातून करतो, माझं असं काही होत नाही." होत असेल, दिसत नसेल. आपल्या एलईडीच्या उजेडात साध्या रंगीत कॅमेऱ्याने एका मिनिटाच्या वर जायची फारशी गरजच पडत नाही, आणि एका मिनिटात अर्धा पिक्सेल सरकला तर डोळ्यांना कळत नाही. पण डिदरिंग न करता ते दीडशे फोटो एकत्र स्टॅक करा. तारे जुळतील, आणि कॅमेऱ्याचा नॉइज तिरक्या रेघांसारखा सगळ्या चित्रभर ओढलेला दिसेल. त्या रेघा म्हणजे तुमचा फ्लेक्शरच. डिदरिंग सुरू केलं की रेघा जातात, म्हणून ते कधीच बंद ठेवू नका. तपासणीच्या त्या एका तासापुरतंच बंद.

त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. मामांच्या घरातली सुतळी घेऊन वायर तीन ठिकाणी बांधली. पीएचडीची सगळी सेटिंगं होती तशी परत केली. रोझेट तोपर्यंत पश्चिमेला बराच खाली गेला होता, तो सोडला. सिंह राशीतल्या तीन दीर्घिका डोक्यावर यायला लागल्या होत्या, एम ६५, एम ६६ आणि त्यांच्या शेजारची एनजीसी ३६२८. साडेतीन कोटी प्रकाशवर्षांवरचा प्रकाश. साडेतीनपासून उजाडेपर्यंत तीन-तीन मिनिटांचे फोटो घेतले.

(पडद्यावर फोटो)

हा त्यातला एक, काहीही प्रक्रिया न केलेला. हा कोपरा मोठा करते. बघा, तारा गोल. हा डावीकडचा, गोल. आणि हा पहिल्या तासाचा पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी शेजारी: सरकला ३ पिक्सेल. ग्राफ आधी ०.७ होता, नंतरही ०.७च.

तुमचा तारा किती पिक्सेल सरकला तो आकडा खाली लिहा, सोबत फोकल लेंथ आणि गायडस्कोप कशाने बसवलाय ते. तेवढ्यावरून मला काहीतरी नक्की सांगता येईल.