चादरीवरचा कॅमेरा

नमस्कार बडोदेकर मंडळी! आज बोलायचंय सिनेमातल्या टेन्शनबद्दल. भूत दाखवून दचकवणं वेगळं आणि काहीच न दाखवता जीव टांगणीला लावणं वेगळं, आणि हे दुसरं काम कॅमेरा करतो.

दांडिया बाजारात आमच्या मामाचा जुना वाडा होता, तिथे आम्ही चार मित्रांनी एक शॉर्टफिल्म केली. सीन एवढाच, की रात्री मामी स्वयंपाकघरात एकटी पोळ्या लाटतेय आणि मागे परसदार अर्धं उघडं. बास. आधी कॅमेरा हातात धरून शूट केलं, तर फ्रेम इतकी हलली की मामीकडे लक्षच जाईना. धावपळीच्या, पळापळीच्या सीनला हातातला कॅमेरा मस्त, पण इथे नाही. मग ट्रायपॉड लावला, तर नुसत्या पोळ्या लाटणं चाललंय, भीती कुठेच नाही. कॅमेरा सरकवायची चाकांची ट्रॉली भाड्याने आणायला पैसे नव्हते. तेवढ्यात मामा म्हणाला, "अरे कोटा फरशी आहे, गुळगुळीत, चादर आणा की!" सोलापुरी चादर चौपदरी घातली, वर तांदळाची पिशवी, पिशवीत रुतवून कॅमेरा, आणि मामा उकिडवा बसून चादर ओढायला लागला. सहा फूट अंतर, चाळीस सेकंद. हळू, अगदी हळू. मामीला फ्रेममध्ये उजव्या कडेला बसवलं आणि डावीकडे ते दार, रिकामं.

मग टीव्हीला जोडून सगळ्यांनी बघितलं, तर मामीच पदराला हात पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "अगंबाई, मागे कोण आहे?" आता बघा, ती स्वतः तिथे बसलेली, दारामागे तुळस आणि कपड्यांची दोरी आहे हे तिला पाठ, तरी!

कारण असं, की कॅमेरा हळू सरकतो तेव्हा आपल्याला तो सरकताना दिसत नाही, पण काहीतरी जवळ येतंय हे मात्र जाणवतं. आणि रिकामी जागा दिसली की डोळे तिथेच जातात, आता कोण येणार म्हणून. हळू सरकणं आणि रिकामी जागा, हे दोन लक्षात ठेवा. मालिकांमध्ये सुनेच्या तोंडावर तीन-तीनदा धाडकन झूम मारतात आणि वर धँ धँ म्युझिक, त्याने कान दुखतात, टेन्शन येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याने १९५८च्या 'व्हर्टिगो' सिनेमामध्ये जिना खोल खोल जाताना दाखवला, त्यात कॅमेरा मागे जातो आणि झूम पुढे येतो, त्यामुळे माणसाला चक्कर आल्यासारखं होतं. तो जिना खरा नव्हता, छोटं मॉडेल होतं आणि ते आडवं ठेवलं होतं, कॅमेरा सरळ रुळावरून सरकवता यावा म्हणून. म्हणजे त्यांचंही डोकं आमच्या मामासारखंच चाललं! आणि जिथे फाळक्यांनी कलाभवनात शिक्षण घेतलं, त्या बडोद्याच्या पोरांनी साधनं नाहीत म्हणून थांबावं का? तो वाडा आता पाडला, फ्लॅट आले, एवढी उंच छतं आणि लांब ओसऱ्या पुन्हा कुठे मिळणार, जीव तुटतो हो.

तर घरी करून बघा. फक्त फरशी आधी नीट झाडून घ्या, चादरीखाली एक खडा आला की शॉट गेला, आमचे तीन गेले होते.