आकाशगंगेतली काळी चीर

चाळकेवाडीचं पठार. वैशाखातली अमावास्या, मध्यरात्र उलटलेली. पवनचक्क्यांच्या पात्यांमागे, दक्षिणेकडे बघा. ही तांबूस ज्येष्ठा, खाली वृश्चिकाची नांगी, आणि डावीकडे धनू राशीतून वर चढत गेलेली आकाशगंगा.

आता तिच्या मधोमध गेलेली ही काळी चीर. इथं तारेच नाहीत, असं वाटतं. वृश्चिकातली अशीच एक काळी जागा पाहून खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेललाही आकाशाला भोक पडल्यासारखं वाटलं होतं.

तारे आहेत, भरपूर आहेत. आड आलीय ती धूळ. कार्बनचे, सिलिकेटचे कण, बहुतेक एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. ते निळा प्रकाश जास्त अडवतात, तांबडा कमी. त्यामुळे पलीकडचा तारा मंद होतो आणि तांबूसही दिसतो. (ज्येष्ठा मात्र मुळातच तांबडी.) 1930 साली खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी तारकागुच्छांची अंतरं दोन रीतींनी काढली, एकदा तेजावरून, एकदा आकारावरून. दोन्ही जुळेनात. वाटेत प्रकाश गळतोय, हे तेव्हा पक्कं झालं.

आकाशगंगेचं केंद्र याच दिशेला, सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर. तिथून आपल्याकडे निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांतला जेमतेम एक इथवर पोचतो.

दृश्य प्रकाशाला अडवते ती धूळ; क्ष-किरणांना अडवतात ते अणू. ऑक्सिजन, कार्बन, लोह. मग अणू वायूत मोकळा असो, नाहीतर धुळीत अडकलेला. किरण त्याच्या अगदी आतल्या इलेक्ट्रॉनला उडवतो आणि तिथंच संपतो. कमी ऊर्जेचे किरण असे वाटेतच जातात. जास्त ऊर्जेचे मात्र आरपार येतात, थेट केंद्राजवळूनसुद्धा. कमी ऊर्जेचे किती गळाले ते मोजायचं, की वाटेत किती द्रव्य आहे याचा हिशेब लागतो. केवढी देखणी युक्ती आहे ही!

क्ष-किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. 28 सप्टेंबर 2015 ला ॲस्ट्रोसॅट हा भारताचा खगोल-उपग्रह गेला, त्यावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकारानं घडलेली अशी दुर्बीण आहे.

ही चीर बघायला मात्र दुर्बीण लागत नाही, अंधार लागतो. ईशान्येला क्षितिजावर दिसतोय तो साताऱ्याचा उजेड. उजेड वाढला की तारे जायच्या आधी ही चीर बुजते. पठारावरच्या दिव्यांना वरून झाकण हवं आणि उजेड जमिनीवरच पडायला हवा, एवढंच मागणं आहे.