मामा, लाईट सोडा

नमस्कार, श्रोतेहो.

आज माझ्या सासऱ्यांबद्दल बोलायचंय. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. गेल्या कार्तिकात मामा गेले. वीज मंडळात लाईनमन होते. गावात मात्र त्यांना कुणी लाईनमन म्हणलं नाही, वायरमनच. रात्री बारा वाजता दारावर थाप पडायची, "ओ वायरमन, लाईट गेली!" जशी काही मामांनीच खिशात घालून नेली.

1972च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. मग खांब रोवणाऱ्या टोळीत रोजंदारीवर लागले. पुढं हेल्पर, त्यापुढं लाईनमन. खांब रोवायचा एक हिशोब असतो. जेवढा खांब लांब, त्याचा सहावा हिस्सा जमिनीत. मामांनी हा हिशोब पगाराला पण लावला. सहावा हिस्सा पोस्टात. "हा गाडलेला आहे, ह्याला हात लावायचा नाही." दोन पोरींची लग्नं आणि पोराचं शिक्षण त्या गाडलेल्यावर झालं.

मला खरं तर इथं बोलावलंय ते विजेपासून सावध कसं राहायचं हे सांगायला. सांगतो. पण आधी माझ्या लग्नाची गोष्ट ऐका. घरात आता ही गोष्ट कुणी ऐकून घेत नाही.

1993चा मे महिना. गंगाखेड तालुक्यातलं, गोदावरीकाठचं गाव. गोरज मुहूर्त. दुपारी चारला वळवाचं वारं सुटलं आणि शेजारच्या शिवारात अकरा हजार व्होल्टच्या लाईनची तार तुटली. मामा पोरीच्या लग्नासाठी रजेवर. पण गावाबाहेर दोन खांबांवर एबी स्विच, म्हणजे अख्खी लाईन बंद-चालू करायचा स्विच, असतो ना, खाली लोखंडी दांडा आणि दांड्याला कुलूप, त्याची किल्ली मामांकडं. त्यांच्या हाताखालचा हेल्पर सायकलवर आला. मामांनी दांडा ओढला, लाईन बंद केली, कुलूप घातलं, किल्ली नव्या सदऱ्याच्या खिशात. हेल्पर म्हणला, "जोड मारून येतो."

दिवस मावळायला आला तरी हेल्परचा पत्ता नाही. मंडपात अंधार, माईक मुका. माझे चुलते म्हणजे वराकडचे मुख्य. ते तापले. "वायरमनच्या पोरीचं लग्न आणि अंधारात? मामा, लाईट सोडा!"

मामा म्हणले, "वर माणूस आहे."

"अहो, उतरला असंल की."

"त्यानं सांगितलं नाही."

नियम एवढाच, श्रोतेहो. ज्यानं लाईन बंद केली, त्यानंच चालू करायची. आणि वर गेलेला माणूस "मी उतरलो" असं स्वतःच्या तोंडानं म्हणल्याशिवाय चालू करायची नाही. पुन्हा सांगतो, स्वतःच्या तोंडानं. तेव्हा मोबाईल नव्हते. एका पोराला सायकलवर पिटाळलं. पोरगं धापा टाकत आलं. "सायकल खांबाला टेकलेली आहे. माणूस नाही."

मामांचा चेहरा मी पाहिला. मुंडावळ्यांच्या आडून पाहिला, पण पाहिला.

तेवढ्यात चुलत्यांना बँडवाल्याचा हातगाड्यावरचा जनरेटर दिसला. "लावा घराच्या बोर्डाला!" मामा पळतच घरात गेले आणि मेन स्विचमधले फ्यूज उपसून खिशात टाकले. म्हणले, "आता लावा." का? मेन चालू ठेवून घरात जनरेटर लावला की करंट मीटरमधून मागं जातो, डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, उलटी चालते, आणि घरातले 230 व्होल्ट तिकडं लाईनवर 11 हजार होऊन निघतात. लाईन बंद आहे म्हणून तार हातात धरलेला माणूस जागेवर जातो. जनरेटरवाल्यांनो, ऐकताय ना? मेन बंद, मगच जनरेटर. मेन बंद, मगच.

मग मामांनी बॅटरी घेतली आणि त्याच फेट्यानिशी, नव्या धोतरानिशी शिवाराकडं निघाले. पोरीची आई म्हणली, "अहो, मुहूर्त!" त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. एकेका खांबावर बॅटरी मारत, एकेका खांबाच्या बुडाशी पाहत गेले.

इकडं जनरेटर तिसऱ्या मंगलाष्टकाला गप्प झाला. डिझेल संपलं. भटजींनी उरलेली मंगलाष्टकं गॅसबत्तीच्या उजेडात, घसा ताणून म्हणली. अक्षता पडल्या. पोरीचा बाप तेव्हा कुठल्यातरी खांबाखाली उभा होता.

तासाभरानं मामा आले. धोतराला चिखल, चेहरा उतरलेला. पाणी प्यायला मागच्या अंगणात गेले, तर चुलाणाशेजारी हेल्पर बसलेला! पुढ्यात पत्रावळ, पत्रावळीवर बुंदी. झालं असं होतं की बाभळीचा काटा घुसून सायकल पंक्चर झाली होती. हा गडी काम उरकून रानातल्या आडवाटेनं पायी आला. सकाळपासून उपाशी. म्हणला, "तुम्ही लग्नात गुंतलेले. म्हणलं, अक्षता पडू द्याव्यात, मग सांगावं."

मामा ओरडले नाहीत. म्हणले, "हात धू." त्यानं हात धुतला. "वर कोण आहे?" "कुणी नाही." "मोठ्यानं सांग." "वर कुणी नाही, मी उतरलो!" सगळ्या वऱ्हाडानं ऐकलं. मग मामा गावाबाहेर गेले, कुलूप काढलं, दांडा सारला, आणि मंडप लखलखला. माझी बायको त्यांच्याशी निरोप घेईपर्यंत बोलली नाही. अजून म्हणते, "माझ्या डोक्यावर सगळ्या गावाच्या अक्षता पडल्या, नानांच्या नाही." ती वडलांना नाना म्हणायची.



त्याच साली 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मामा तिकडं लाईनच्या कामावर गेले. परत आल्यावर काय पाहिलं ते बोलले नाहीत. आम्ही विचारलं नाही. पुढं निवृत्त झाले. 2005च्या जूनमध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, महावितरण आली, पण मामा शेवटपर्यंत "मंडळ"च म्हणत राहिले.

काचेपलीकडून निर्मातेसाहेब बोट दाखवायलेत, म्हणजे वेळ संपत आलाय. सावधगिरीचं पटकन सांगतो. तुटलेल्या तारेच्या जवळ जायचं नाही, दुसऱ्यालाही जाऊ द्यायचं नाही. पावसाळ्यात जनावरं खांबाला, खांबाला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेला बांधायची नाहीत. मोटार ओल्या हातानं चालू करायची नाही. आणि आकडा टाकू नका. मामा आकडा काढायला गेले की लोक त्यांनाच चोर म्हणायचे.

राहिलं अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत जायची वाट. मीठ, कोळसा टाकून केलेला तो खड्डा उन्हाळ्यात वाळला की कामाचा राहत नाही. मामा दर रविवारी त्यात बादलीभर पाणी ओतायचे. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या 2016च्या उन्हाळ्यात सासूबाई कडाडल्या, "माणसाला प्यायला नाही, आणि हे खड्ड्याला पाजतात!" तेव्हापासून मामा स्वतःच्या आंघोळीचं पाणी पाटाखाली घमेलं ठेवून धरायचे आणि खड्ड्यात टाकायचे.

आज रविवार आहे. घमेलं आता माझ्याकडं आहे. घरी जाऊन तेवढं पाणी टाकायचंय. नमस्कार.